घालवली तरी परत लागणारी चेक इंजिन लाईट

“मालक, लाईट घालवली बघा.” गॅरेजमधून असा फोन आला की पहिल्या वेळी हायसं वाटतं. तिसऱ्या वेळी पोटात गोळा येतो. २०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या दोन सीटच्या टर्बो गाडीची चेक इंजिन लाईट, म्हणजे डॅशबोर्डवरचं इंजिनचं केशरी चिन्ह, दीड महिन्यात पाच वेळा घालवली गेली आणि पाचही वेळा तीन-चार दिवसांत परत लागली. मधल्या काळात धूर तपासणारा पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवा बसला, आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर नवा बसला आणि बिल पन्नास हजारांच्या पुढे गेलं. दोष निघाला बोटाएवढ्या जाडीच्या एका रबरी नळीत. पुण्याहून मागवलेली ती नळी १,९०० रुपयांना पडली.

सोलापुरात अशी गाडी ठेवणाऱ्याची अडचण वेगळी आहे. माझ्या गाडीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर पुण्यात, म्हणजे अडीचशे किलोमीटरवर. इथले मिस्त्री हाताने हुशार आहेत, पण असली गाडी त्यांच्याकडे वर्षाकाठी एखादी येते. त्यामुळे निदानाचा निम्मा भाग मालकालाच करावा लागतो. तो करता येतो. मी इंजिनिअर नाही, तरी आता माझ्या आणि दोन मित्रांच्या गाड्यांचं निदान मी याच क्रमाने करतो. तो क्रम इथे सविस्तर देतो आहे.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. दोष दिसला की गाडी त्याचा एक ठरलेला क्रमांक साठवते, तोच कोड. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कोडसोबत गाडीने त्या क्षणाची नोंद करून ठेवलेली असते, आणि पुसताना सगळ्यात आधी तीच जाते. एकदाच लागून गेलेली लाईट शोधायला अवघड असते. परत परत लागणारी त्या मानाने सोपी, कारण ती कधी लागते याला काहीतरी नियम असतो आणि तो नियमच दोषाकडे घेऊन जातो.

लाईट कशी आहे ते आधी बघा

केशरी आणि स्थिर असेल तर गाडी हळूहळू घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. जोर लावायचा नाही, आरपीएम चढवायचा नाही.

केशरीच पण लुकलुकत असेल तर बाजूला घ्या आणि थांबा. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाहीये, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (कॅटमध्ये) जाऊन तिथे जळतंय, असा त्याचा अर्थ. आतली जाळी त्या उष्णतेने वितळते. अशा गाड्यांचा कॅट लाखाच्या घरात जातो. ‘एवढी पुण्याला पोहोचवू’ हा विचार त्या वेळी करू नका, गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा.

तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह किंवा तापमानाचं लाल चिन्ह ही वेगळी गोष्ट आहे. ते दिसलं तर इंजिन तिथेच बंद करायचं. पुढचं सगळं फक्त केशरी लाईटसाठी आहे.

पुसण्याआधी वाचा आणि फोटो काढा

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. तेच ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेले दोष वाचायची जागा. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक आहे, त्यामुळे त्यानंतरच्या कुठल्याही गाडीत साधा स्कॅनर चालतो. ईएलएम ३२७ चिपचे ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतात. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ एलईचा घ्या, नाहीतर जोडला जात नाही. अगदी स्वस्तातले मधेच तुटतात, म्हणून दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. एवढ्यात इंजिनचे कोड आणि चालू आकडे दिसतात. त्याच्या पुढचं, म्हणजे कंपनीचे खास कोड, बघायला त्या त्या गाडीचं सॉफ्टवेअर लागतं: ऑडी-फोक्सवॅगनला व्हीसीडीएस, फोर्डला फोरस्कॅन, पोर्शला पायविस. सुरुवातीला त्याची गरज पडत नाही.

स्कॅनर जोडल्यावर चार ठिकाणी बघा. साठवलेले कोड, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड, पर्मनंट (स्कॅनरने पुसले न जाणारे) कोड आणि फ्रीझ फ्रेम. यातली फ्रीझ फ्रेम सगळ्यात मोलाची, आणि गॅरेजमध्ये सगळ्यात कमी वेळा उघडली जाणारीही तीच. दोष पकडला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर लोड किती, फ्युएल ट्रिम (ते पुढे समजावलंय) किती, हे सगळं तिथे गोठवून ठेवलेलं असतं. त्याचा फोटो काढा. पुसायचं बटण बहुतेक वेळा जवळच असतं, त्याला हात लावू नका.

गॅरेजमध्येही सांगताना शब्द बदला. “लाईट घालवा” म्हटलं की मिस्त्री लाईटच घालवतात, कारण तुम्ही तेच मागितलेलं असतं. “कोड पुसू नका, आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो द्या,” असं सांगा. बॅटरीची टर्मिनल काढून लाईट घालवण्याचीही सवय आपल्याकडे आहे. त्याने नोंद तर जातेच, शिवाय गाडीने शिकून ठेवलेलं थ्रॉटलचं आणि फ्युएलचं माप जातं, आणि पुढचे काही दिवस गाडी वेगळीच वागते.

पुसल्यावर लाईट लगेच का लागत नाही, हेही समजून घ्या. बहुतेक दोषांना गाडी दोन संधी देते. पहिल्या फेरीत (इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत) दोष दिसला तर तो पेंडिंगमध्ये जातो, लाईट लागत नाही. पुढच्या फेरीत तोच दोष परत दिसला की लाईट लागते. म्हणजे गाडी रोज चालत नसेल तर चार दिवस निवांत जातात आणि वाटतं, झालं काम. पण पेंडिंगमध्ये तो दुसऱ्याच दिवशी येऊन बसलेला असतो. याच्या उलटही होतं: सलग तीन फेऱ्या दोष दिसला नाही तर लाईट आपोआप विझते, कोड मात्र साधारण चाळीस वॉर्म-अप, म्हणजे गार इंजिन चाळीस वेळा तापेपर्यंत, आत राहतो. लाईट विझली म्हणून वाचायचं सोडू नका.

आता एक साधी वही घ्या. लाईट लागली त्या दिवशी चार ओळी लिहा: सकाळ की दुपार, गाडी गार की गरम, हायवे की सिग्नल, पेट्रोल कधी आणि कुठे भरलं. पाचही वेळा मी वहीत मांडल्या तेव्हा दिसलं की लाईट पाचपैकी चार वेळा दुपारी, गाडी पूर्ण तापल्यावर, सात रस्त्याच्या किंवा आसरा चौकाच्या सिग्नलला उभं असताना लागली होती. हायवेवर एकदाही नाही. त्या एका निरीक्षणाने अर्धा शोध संपला, पण मी ते लिहिलं पाचव्या वेळी. पहिल्या वेळेपासून लिहायला हवं होतं.

बॅटरी, मगच बाकीचं

स्पोर्ट्स कार आठवडा-आठवडा कव्हरखाली उभी असते. बॅटरी उतरते आणि व्होल्टेज पडलं की वेगवेगळे कंट्रोल युनिट एकमेकांवर आळ घेतात. एकदम सहा-सात कोड, त्यातही यू ने सुरू होणारे, दिसले तर आधी मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७. स्टार्टर फिरताना दहाच्या खूप खाली जाता कामा नये. नव्या गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर मधेच कमी-जास्त करतात, त्याने घाबरू नका. बॅटरी बदललीच तर अनेक जर्मन गाड्यांत नवी बॅटरी कम्प्युटरला नोंदवून द्यावी लागते, तेही करून घ्या. इंजिन आणि चॅसी यांच्यामधली अर्थची पट्टी हाताने हलवून बघा. सैल असेल तर निम्मे विचित्र कोड तिच्यामुळेच येत असतात.

बॉनेट उघडून दहा मिनिटं

टॉर्च घेऊन बघा, काही काढायची गरज नाही.

एअर फिल्टर पहिला. माझी गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला एका शेडमध्ये उभी असते, शेजारी यंत्रमाग. फिल्टर काढला तर त्याच्या घड्यांमध्ये पांढरी रुई अशी बसली होती की नव्या चादरीवरची लव वाटावी. त्यावर उन्हाळ्यातली लाल-काळी धूळ. मॅन्युअलमध्ये फिल्टरचा जो अवधी दिलाय, तो आपल्याकडे निम्मा धरा. काही जण तेल लावलेला कापडी स्पोर्ट्स फिल्टर बसवतात. त्याचं तेल जास्त झालं तर ते उडून मास एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि सेन्सर हवा कमी मोजतो. तो सेन्सर त्याच्याच खास स्प्रेने धुवायचा, बोट किंवा कापड लावायचं नाही. नवा घेण्याआधी ही चारशे-पाचशे रुपयांची बाटली वापरून बघा.

मग वायरिंग. उभ्या गाडीत उंदीर येतातच, आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर त्यांना सोयीची जागा आहे. कुरतडल्याच्या खुणा आणि लेंड्या शोधा.

इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उचलून बघा. किंचित ओढ लागते ते ठीक. झाकण घट्ट चिकटून बसलं, शिट्टीसारखा आवाज आला आणि झाकण काढताच तो थांबला, तर क्रँककेसची (इंजिनच्या खालच्या, ऑईल असलेल्या भागाची) हवा नियंत्रित करणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी. टर्बो पेट्रोल गाड्यांत हे फार आढळतं.

आधीच्या मालकाने काय काय बदललंय तेही बघा. कॅट काढून सरळ पाइप टाकला असेल तर पी०४२०, म्हणजे कॅट काम करत नसल्याचा कोड, येणारच, त्यात शोधण्यासारखं काही नाही. मूळ कॅट परत बसवणं हाच इलाज. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला असेल आणि गाडीत मास एअर फ्लो सेन्सर असेल, तर मोजून झालेली हवा बाहेर जाते आणि गिअर बदलताना मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त.

फ्युएल ट्रिम वाचायला शिका

या लेखातला हा भाग निवांत वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा.

इंजिनच्या कम्प्युटरकडे पेट्रोलचं एक ठरलेलं माप असतं. एवढी हवा आत आली तर एवढं पेट्रोल. ऑक्सिजन सेन्सर धूर तपासून सांगतो की मिश्रण पातळ झालं की घट्ट. त्यानुसार कम्प्युटर मापात जी भर घालतो किंवा काटतो, ती फ्युएल ट्रिम. भाकरीचं पीठ मळणारी बाई पाण्याचा हात कमी-जास्त करते तसंच हे. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचा हात, लाँग टर्म म्हणजे या पिठाला एवढं पाणी लागतंच ही बसलेली सवय. दोन्हींची बेरीज करून वाचायची. अधिकचा आकडा म्हणजे कम्प्युटर जास्त पेट्रोल घालतोय, उणे म्हणजे काढतोय. बेरीज पाच-सात टक्क्यांत असेल तर निरोगी. दहाच्या पुढे गेली की कारण शोधायचं. साधारण वीस-पंचवीसला पोहोचली की पी०१७१ येतो, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. काही गाड्या आयडललाच (इंजिन चालू, पण ॲक्सिलरेटरवर पाय नाही) लीन दिसलं तर पी२१८७ देतात, आणि ही वेगळी खूण फार उपयोगी आहे.

आता चाचणी. गाडी पूर्ण तापवा, एसी बंद, न्यूट्रल. आयडलला बेरीज लिहा. मग २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून परत लिहा. मग कोणाला तरी शेजारी बसवून हायवेवर चढाला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोर लावत आकडा बघायला सांगा. स्वतः चालवत फोनकडे बघू नका.

आयडलला आकडा मोठा आणि आरपीएम वाढवल्यावर कमी झाला, तर न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरते आहे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) ओढ जास्त आणि एकूण हवा कमी असते, म्हणून छोटी फट मोठी वाटते. आरपीएम वाढला की तीच फट एकूण हवेच्या मानाने नगण्य होते.

आयडलला ठीक आणि जोर लावल्यावर आकडा वाढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही: पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय, किंवा मास एअर फ्लो सेन्सर मोठी हवा कमी मोजतोय. सोबत पी००८७ असेल तर सरळ फ्युएल प्रेशरकडे वळा.

सगळीकडे सारखाच वाढलेला असेल तर सेन्सरची मळकी तार, किंवा पेट्रोलच.

आणि मोठा उणे असेल तर टाकीची वाफ घेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला, इंजेक्टर गळका, किंवा ऑईलमध्ये पेट्रोल मिसळलेलं. डिपस्टिकचा वास घ्या, लगेच कळतं.

एक अपवाद सांगून ठेवतो. काही टर्बो गाड्यांत मास एअर फ्लो सेन्सर नसतो, फक्त मॅनिफोल्डचा प्रेशर सेन्सर असतो. तिथे फट पडली तर ट्रिमपेक्षा आयडलचा आरपीएम चढलेला दिसतो.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपला जिल्हा उसाचा आहे आणि इथेनॉल इथल्याच कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होतं. देशात १० टक्के मिश्रण २०२२ मध्ये पूर्ण झालं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई१० ला (१० टक्के इथेनॉल) १४.१ च्या आसपास, ई२० ला (२० टक्के) १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० जास्त घालावं लागतं: शुद्ध पेट्रोलच्या मानाने सात-आठ टक्के, ई१० च्या मानाने चारेक टक्के. ज्या गाडीचं माप ई२० साठी बेतलेलं नाही आणि जी फ्लेक्स फ्युएल (इथेनॉलचं प्रमाण ओळखून माप बदलणारी) नाही, तिच्यात ही भर ट्रिममध्ये दिसते. ही भर एकटी लाईट लावत नाही. पण गाडीत आधीच एक बारीक फट असेल आणि ट्रिम पंधरावर असेल, तर ई२० ती उंबरठ्यापार नेतं. ‘पेट्रोल बदललं आणि लाईट लागायला लागली’ ही तक्रार खरी असते, आणि तरीही गाडीत दोष असतोच. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे ई२० धरून न बनवलेली, गाडी असेल तर फ्युएलच्या रबरी नळ्या, ओ-रिंग दर सर्व्हिसला हात लावून बघा. महिनोन्‌महिने टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

माझ्या गाडीची फ्रीझ फ्रेम अशी होती: पी०१७१, वेग ०, आरपीएम ७६०, कूलंट १०१ अंश, शॉर्ट टर्म +८, लाँग टर्म +१७. बेरीज पंचवीस. २,५०० वर बेरीज +७. हे आकडे डोळ्यांसमोर असताना ऑक्सिजन सेन्सर बदलायचं काहीच कारण नव्हतं. तो मिश्रण लीन आहे हे खरंच सांगत होता, आणि आम्ही खरं सांगणाऱ्या साक्षीदारालाच बदलून टाकलं.

फट शोधायची ती धुराने

कार्ब क्लीनरचा स्प्रे मारत आरपीएम बदलतो का बघणं ही जुनी पद्धत. तापलेल्या टर्बोशेजारी तो स्प्रे पेट घेऊ शकतो, मी ती करत नाही आणि तुम्हीही करू नका. धुराची चाचणी सुरक्षित आहे आणि अचूकही.

मी ज्या मिस्त्रींकडे गेलो त्यांच्याकडे विकतचं मशीन नव्हतं, त्यांनी स्वतः बनवलं होतं. बंद डब्यात बेबी ऑईल, ते तापवायला डिझेल गाडीचा ग्लो प्लग, आणि रेग्युलेटरमधून अगदी कमी हवा, एक पीएसआयच्या आतच. दाब त्यापेक्षा जास्त दिला तर चांगले सील फाटतात. इनटेकच्या तोंडाला रबरी बूच लावून धूर आत सोडला. पाच मिनिटं काहीच नाही. मग ते म्हणाले, “मालक, गाडी गरम असतानाच लागते म्हणता ना? मग गार गाडीत काय दिसणार?” गाडी वीस मिनिटं चालवून, तापवून परत धूर सोडला. मॅनिफोल्डच्या खालून, दोऱ्याएवढी बारीक धुराची रेघ वर आली. क्रँककेसच्या ब्रीदरची, म्हणजे तिथली हवा इनटेककडे नेणारी, नळी. वरून हात फिरवला तर गुळगुळीत, नव्यासारखी. काढून वळणावर वाकवली तेव्हा पोटाकडच्या बाजूला नखाएवढी चीर तोंड उघडल्यासारखी दिसली. गार असताना रबर आखडून ती मिटत होती. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, सिग्नलला उभं राहिलं की ती उघडायची.

म्हणून, तुमची वही ज्या अवस्थेत लाईट लागते म्हणते, चाचणीही त्याच अवस्थेत करा. टर्बो गाडीत धूर दोन ठिकाणी सोडायला सांगा, टर्बोच्या आधी आणि थ्रॉटलच्या पुढे.

मिसफायरचे कोड

मिसफायर म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये, पी०३०१ ते पुढे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये. पहिला सिलिंडर कोणत्या बाजूचा ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, व्ही इंजिन आणि बॉक्सर इंजिनमध्ये हमखास गोंधळ होतो.

पी०३०३ आला तर तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) काढून पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. गाडी चालवा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली आहे, एकच नवी घ्या. कोड तिथेच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही तिथेच, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. या अदलाबदलीला पैसे पडत नाहीत आणि चारही कॉइलचा सेट उगाच विकत घ्यायची वेळ येत नाही. प्लग इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढा, गरम ॲल्युमिनियम हेडमधले आटे निघून येतात. बसवताना टॉर्क रेंच वापरा.

फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट तीस-चाळीस अंश दिसत असेल, सकाळी सुरू करताना गाडी थरथरत असेल आणि इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन मनात धरा. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह त्याने धुतला जात नाही. म्हणून टाकीत टाकायच्या क्लीनरच्या बाटल्यांचा व्हॉल्व्हवर उपयोग होत नाही. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून ते साफ करतात, त्यासाठी पुणे गाठावं लागतं.

आणि वॉशिंग सेंटरवर इंजिन धुवून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मिसफायर आला, तर प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे. हवा मारून वाळवा. पुढच्या वेळी बॉनेट उघडू देऊ नका.

पी०४२०: घाई करू नका

कॅट नीट काम करत नाही, असं हा कोड म्हणतो, आणि त्यावर सगळ्यात महाग उत्तर लगेच सुचवलं जातं. आधी तीन गोष्टी बघा. मिसफायर किंवा ट्रिमचा दुसरा कोड सोबत आहे का? असेल तर तो आधी बरा करा. कॅटच्या आधीच्या जोडात गळती आहे का? गार इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज आणि जोडाभोवती काजळी दिसली तर आहे. तिसरं, गरम गाडी २,५०० वर धरून मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा. तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहत असेल तर कॅटमध्ये जीव आहे. सतत वर-खाली उड्या मारत असेल, तर कॅट खरंच थकलाय. तोपर्यंत खर्चाला हात घालू नका.

पी०१२८ आणि पी०२९९

पी०१२८ म्हणजे इंजिन वेळेत तापत नाही. आपल्याकडे याचं एक खास कारण आहे. सोलापूरच्या उन्हात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची जुनी पद्धत अजून चालते. जुन्या गाड्यांना ते खपून जायचं. या इंजिनांचं सगळं माप ९०-१०० अंशांवर बेतलेलं असतं, थर्मोस्टॅट नसेल तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत हायवेवर कूलंट साठ-सत्तरवरच राहतं आणि लाईट लागते. जुनी गाडी घेतली असेल तर थर्मोस्टॅट आहे का हे विचारून घ्या. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, आपल्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच.

पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. टर्बो बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपच्या क्लिप, जोडाजवळचे तेलाचे डाग, ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा फाटलेला पडदा, मग टर्बोचा दाब आवरणारा वेस्टगेट, या क्रमाने जा.

इथे थांबून पुण्याला कधी पाठवायची

पी००११ किंवा पी००१६ (कॅमशाफ्टच्या टायमिंगचे कोड) सोबत सुरू करताना साखळीचा खडखडाट असेल, हाय प्रेशर फ्युएल पंपाकडे बोट जात असेल, किंवा सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त फरक निघाला असेल, तर इथे उघडू नका. गाडी वॉरंटीत असेल तर कशालाच हात लावू नका, फक्त फोटो आणि वही द्या. पाठवताना ‘लाईट लागते’ एवढंच सांगू नका. कोड, फ्रीझ फ्रेम, ट्रिमचे तिन्ही आकडे आणि केलेल्या चाचण्या एका कागदावर लिहून द्या. सर्व्हिस ॲडव्हायझर तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

दुरुस्तीनंतरची खात्री

आता कोड पुसा. दुरुस्ती झाल्यानंतर, पहिल्यांदाच. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या सगळ्या चाचण्या शून्यावर येतात, स्कॅनरमध्ये त्या रेडिनेस मॉनिटर म्हणून दिसतात. त्या पूर्ण होईपर्यंत लाईट न लागण्याला काही अर्थ नाही.

मी हे असं करतो. गाडी रात्रभर उभी. सकाळी सहाला सुरू करून तीन मिनिटं आयडल. शहरातून दहा-पंधरा मिनिटं थांबत-चालत. मग पुणे हायवेला लागून सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत ८०-९० च्या स्थिर वेगाने, मधे दोन-तीनदा ब्रेक न लावता फक्त ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यायचा. गाळपाच्या दिवसांत ही फेरी अंधारात करू नका, बिनदिव्यांच्या उसाच्या ट्रॉल्या शेवटच्या क्षणी दिसतात. परत येऊन दोन मिनिटं आयडल, मग बंद. दुसऱ्या दिवशी तेच परत. दोन फेऱ्यांत बहुतेक मॉनिटर पूर्ण होतात. नंतर पेंडिंग कोड बघा, आणि ज्या अवस्थेत लाईट लागायची ती अवस्था मुद्दाम आणा. मी भर दुपारी एसी लावून सात रस्त्याचा सिग्नल चार वेळा घेतला.

त्या दिवशीची वहीतली नोंद: पेंडिंग काही नाही, मॉनिटर सगळे पूर्ण, गरम आयडलला बेरीज +६, २,५०० वर +५. हे उरलेले पाच-सहा टक्के ई२० चे, ते राहणारच. आता दर पाच हजार किलोमीटरला हा एक आकडा लिहून ठेवतो. तो सहावरून दहाकडे सरकायला लागला, की लाईट लागायच्या आधीच धुराची चाचणी करून घ्यायची.